सौनाच्या पायरीवर

कुओपिओ. रविवार. उणे एकोणीस.
प्रयोगशाळेत आज एकटी हेल्का,
कारण पेशींना सुट्टी कळत नाही.
दर दुसऱ्या दिवशी जुनं गुलाबी पाणी काढायचं,
नवं घालायचं, थेंबाथेंबानं,
तान्ह्याला वाटी-चमच्यानं भरवतात तसं.

मुळात हे सगळं वेइक्कोच्या दंडातलं.
साबुदाण्याच्या दाण्याएवढी कातडी.
तो रडला नव्हता,
उलट पट्टी सगळ्यांना दाखवत फिरला होता.
त्या कातडीला इथे विसरायला लावलं
की ती कातडी आहे.
मागे मागे नेलं, त्याच्या जन्माच्याही पलीकडे,
आणि तिथून वेगळ्या वाटेनं पुढे.
आता तिला फांद्या फुटल्यात,
मेंदूतल्यासारखी ती शेजारणीशी बोलते,
आणि बोलणं पडद्यावर उमटतं
काळ्या रेघांच्या झुबक्यांनी.

मेंदूत बोलणारे पुष्कळ,
त्यांना 'पुरे आता' म्हणणारे थोडे.
वेइक्कोच्या या थोड्यांचा आवाज बसला आहे.
हजारो अक्षरांच्या एका ओळीत
एक काना चुकला, एवढंच.
आईकडून आला नाही, बापाकडूनही नाही,
त्याच्यापासूनच सुरू झाला.
मिर्याला हे तीनदा सांगावं लागलं.
सातव्या महिन्यात बर्फावर गाडी घसरली होती,
त्यानं तर नाही ना?

मागच्या महिन्यात ती इथे आली होती.
दोन बश्या. एकीत त्याच्या पेशी, जशाच्या तशा.
दुसरीत त्याच, पण काना दुरुस्त केलेला.
पहिलीशी ती पळभर थांबली,
दुसरीशी फार वेळ.
मग भिंगावरून डोळा न काढता म्हणाली,
"हा सौनात बसला असता?"

ऊब वाढली की त्याला झटका येतो.
म्हणून शनिवारी सगळं घर आत वाफेत
आणि तो बाहेर पायरीवर,
कानटोपी, आजोबांचं घोंगडं,
कल्लावेसीचा बर्फ तडकतो ते मोजत,
दारातून ओरडून सांगत: "अठरा! एकोणीस!"

हेल्का म्हणाली, "याला कातडीच नाही, मिर्या,"
आणि जीभ चावली.

आजचं काम: ताप आणायचा. मुद्दाम.
सदतीसवरून एकोणचाळीस.
वहीत वेळ, दोन वाजून पाच.
अकराव्या मिनिटाला पहिल्या बशीत
सगळ्या एकदम ओरडायला लागल्या,
रेघांनी पडदा काळा.
दुसरीत गलबला झाला, ओसरला.
हेच तर हवं होतं.
आता यावर औषधं तपासता येतील, एकेक करून;
तोवर वेइक्को किती वर्षांचा झालेला असेल
हा हिशोब तिनं अजून केलेला नाही.

तरी हात गेलाच
उबवण-पेटीच्या काचेवर, पालथा,
कपाळावर ठेवतात तसा.

मग तिनं आकडा खाली आणला,
दिवे मालवले, बूट शोधले.
बाहेर अंधारात तळं तडकलं.
कितव्यांदा,
ते वेइक्कोला विचारायला हवं.