ओल

दर अठ्ठावीस दिवसांनी मी मांगेरेला जाते,
जिथं विमानं पत्र्यांना पोट घासत उतरतात.
निळ्या पिशवीत पेनिसिलिन, बर्फाच्या विटा
आणि एक चॉकलेट,
जे उएलेसे आता घेत नाही. अकरा वर्षांचा झालाय तो.

जुलै. काचा आतून निथळतायत.
सिएनी त्या टॉवेलनं पुसते, टॉवेल बादलीत पिळते,
"आज अर्धी," म्हणते,
कुणी दुधाचं माप सांगावं तसं.

खोल्या तीन.
हीटर एक.
म्हणून सातही जण एकाच खोलीत झोपतात,
उशीला उशी, खोकल्याला खोकला लावून.
मागच्या थंडीत एकाचा घसा धरला,
आठवड्यात सगळ्यांचे.
सहा घसे आपसूक सुटले.
सातवा खाली उतरला,
आधी गुडघ्यांत, मग घोट्यांत,
मग हृदयाच्या झडपेत.

झडप नीट मिटत नाही, डॉक्टर म्हणाले.
आमचं मागचं दारही मिटत नाही, सिएनी म्हणाली,
पावसानं फुगलंय, तीन पत्रं लिहिली.
ती विनोद करत नव्हती.

इस्पितळात त्याच्या पोटरीला सूज आली होती,
लाल, गरम.
कुणीतरी पेनानं तिच्या कडेनं रेघ ओढली, वर वेळ लिहिली:
रेघेबाहेर गेली तर सांग हं.
घरी आल्यावर उएलेसेनं पेन्सिल घेतली
आणि गादीमागच्या काळ्या बुरशीभोवती
तशीच रेघ ओढली. तारीख घातली.
पुढच्या महिन्यात आणखी एक, जरा मोठी.
मे, जून, जुलै:
डोंगराच्या नकाशात असतात तशा
एकीत एक.
"ही बाहेर गेली," तो मला दाखवतो.
"कुणाला सांगायचं?"

मालकाकडून उत्तर आलं होतं.
खिडक्या उघड्या ठेवाव्यात.
भांड्यावर झाकण ठेवून शिजवावं.
कपडे आत वाळत घालू नयेत.
श्वास घेऊ नये एवढंच लिहायचं राहिलं,
मी म्हटलं.
सिएनी त्या पत्राची बारीक घडी करून
दाराच्या फटीत कोंबत होती.

ओलावा माणसांत असावा.
तो होताच तिथं: रात्रभर ऑफिसं पुसून आलेली ती
पहाटे एकेकाच्या पायांवर पांघरूण ओढायची,
स्वतःचा कोट शेवटच्या पायांवर.
भिंतींना कुणी मागितला होता?

अर्जावर रकाना होता, 'रुग्णाची सद्यस्थिती'.
मी भिंतीचा फोटो जोडला.
फोन आला: चुकून भिंत आलीय.
चुकून नाही, मी म्हटलं.
मग पुन्हा तेच, तीनदा, वेगवेगळ्या आवाजांना.

ऑक्टोबरात घर मिळालं.
कोरडं. दोन बस बदलून.
चर्च मागं राहिलं, टारो उधार देणारी बाई मागं राहिली,
सिएनीला कामाला आता तीन तास आधी निघावं लागतं.
प्रत्येक खोलीत ऊब आहे,
तरी पहिले कितीतरी दिवस
सातही जण एकाच खोलीत झोपत राहिले.
उएलेसेनं भिंतीवर बोट फिरवून पाहिलं,
बोटाचा वास घेतला,
काही बोलला नाही.
सुई मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत.
घर बदलून मिळतं.

एप्रिलमध्ये माझ्या यादीत नवं नाव आलं,
मेलेनाइते, वय सात.
पत्ता वाचून मी गाडीतच बसून राहिले थोडा वेळ.
आत ताज्या रंगाचा वास, बादली, टॉवेल.
गादी त्याच भिंतीला लावलेली.
नव्या सायीच्या रंगाखाली
उजेड तिरका पडला की दिसतात
पेन्सिलीचे चर, एकीत एक,
आणि मधोमध
नखाएवढा काळा ठिपका.

पोरगी मांडी उघडी टाकून, डोळे मिटून तयार होती.
थांब, मी म्हटलं.
पिशवी खाली ठेवली.
पेन काढलं,
ठिपक्याभोवती रेघ ओढली,
आणि आजची तारीख घातली.