अळूसारखं काहीतरी

नळ आठव्या दिवशी येतो, पहाटे तीनला.
आधी वाऱ्याची शिट्टी, मग गढूळ घोट,
मग राकसकोपचं थंडगार पाणी
पिंपात, घागरीत, कुकरच्या भांड्यात,
आणि उरलंच तर
मोरीच्या पाटाशी लावलेल्या कॅला लिलीला.

कॅम्पातल्या आपोलिनबाईंनी कंद दिले होते
बंगला रिकामा करताना,
आल्यासारखे वेडेवाकडे, रद्दीत गुंडाळून.
म्हणाल्या, हिचे पाय ओले ठेव, डोकं सावलीत.
फुलून झाली की मात्र विसर.
कसं विसरायचं ते सांगायचं राहिलं,
टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

पहिल्या वर्षी नुसती पानं.
पलीकडची गंगव्वा विळा घेऊन आली, वड्यांसाठी.
मी ओरडले, अळू नव्हे हो ते!
तिनं एक देठ मोडलाच.
दोन दिवस बोटं खाजत होती तिची
आणि दोन दिवस ती बोलली नाही माझ्याशी
ना कानडीत, ना मराठीत.

दुसऱ्या वर्षी, जांबोटीकडून धुकं उतरलं त्या आठवड्यात
एक गुंडाळी उभी राहिली.
हिरवट, मग सायीसारखी.
पाकळी नव्हेच ती, पानच,
एकदा पांढरं होऊन बघणारं.
गंगव्वा कुंपणाशी येऊन बघत राहिली.
त्या दिवसापासून तिचं तांदळाचं धुवण
माझ्या वाफ्यात पडू लागलं.

मग मार्च.
पानं कडेनं पिवळी पडली
आणि मी घाबरून पाणी वाढवलं.
दुपारी तांब्या, संध्याकाळी तांब्या,
प्यायच्या घागरीतलंसुद्धा,
जसं सिव्हिलच्या वॉर्डात ह्यांना
चमच्यानं पाजत होते
त्यांनी तोंड फिरवल्यावरही.

गंगव्वानं कुंपणावरून हात घालून
तांब्या धरला.
'साक बिडरी,' म्हणाली.

एवढी वर्षं तिच्या ओट्यावर बसून
चहाच्या कपावर हात आडवा धरत
हेच तर म्हणत आले होते मी. साक.
ती तरीही ओतायची.
आज मात्र तिनं तांब्या सोडला नाही.

अजून तिच्याकडेच आहे तो.
पाटाचं तोंड मी वीट लावून वळवलं.
नळ येतो तेव्हा त्या कोपऱ्याकडे जात नाही.
माती भेगाळली आहे.
बोट घालून बघायचं नाही, असं ठरवलंय.

कालच घातलं.
कोरडं, कोरडं,
आणि खाली नखाला
काहीतरी टणक.