फळा पुसणारी

मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत
हेस्टर क्लेग रात्री फळा पुसायची.

आधी होता बेदाणे टोचलेला गोळा.
तिला वाटलं, नाताळचा बेत.

मग पोरं काळोखात बसून
ठिणग्या मोजू लागली;
सोन्याच्या वर्खावरून एक
उलट्या पावली परतली म्हणे,
आणि गोळा गेला.
उरला मधोमध ठिपका,
भोवती पोकळी, पोकळी.
फडकं क्षणभर अडलं:
एनॉक गेल्यानंतरचं घर
कुणी काढून ठेवलंय इथे?

नंतर कडी आली. एका कड्यावरून दुसऱ्यावर उडी,
मधे पायरीच नाही.
गुडघे दुखणाऱ्या बाईला हे पटेना.

आता नातवाच्या वहीत
नुसता ढग, कडा नसलेला.
चष्मा पुसून ती बघते, हसते:

"अरे, हे तर माझंच.
घाईत पुसलेला फळा
अस्साच दिसायचा."