माझा डबा कुठाय

उदगीरला मोंढ्याच्या मागं
आमची स्टुडिओ म्हणायची खोली
आणि शेटकारांची पिठाची गिरणी,
दोन्हींत एकच भिंत.
लाईट असली की गिरणी चालते.
लाईट गेली की शांतता मिळते,
पण लॅपटॉपची बॅटरी म्हातारी,
दहा मिनिटांत मान टाकते.
तेवढ्या दहा मिनिटांत आमचं संगीत.

मुदस्सिर पंक्चर काढतो, हात धुऊन ढोलकीवर बसतो,
तरी शाईला रबराचा वास लागलाच.
मी लग्नसराईत बेंजो पार्टीत कीबोर्डवर,
नवरदेवाच्या मामांसाठी एकच धून चाळीस वेळा;
म्हणून लेकरं 'अजून एकदा' म्हणाली
की मला काहीच वाटत नाही.
गाते चन्नम्मा.
अकरा वर्षं बालवाडीत शेंबूड पुसून
तिचा गळा असा झालाय
की ओरडली तरी लेकरं जवळच येतात.

भिंतीला वाकळा ठोकल्या,
मुदस्सिरच्या अम्मीच्या.
एकीत त्याच्या पहिलीतल्या चड्डीचा तुकडा,
तो तिच्याकडं पाठ करून बसतो.

त्या दिवशी काळ्या शेळीचं गाणं होतं.
ती तिकीट न काढता देगलूरच्या एसटीत चढते,
कंडक्टर विचारतो,
ती खिडकीबाहेर बघते.
लाईट गेली. पट्टा फटफटत थांबला.
चन्नम्मानं डोळे मिटले
आणि दुसरं कडवं संपवून
श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात
भिंतीपलीकडून, वाकळांमधून,
अगदी सुरात:
'ओ मावशी, माझा डबा कुठाय?'

नंतर सात वेळा केलं.
सातही वेळा गाणं बरोबर,
आणि शेळी मेलेली.
पहिलंच ठेवलं.

लातूरच्या एका ओळखीच्यानं,
ज्याच्याकडं खरी काचेची खोली आहे, ऐकून सांगितलं:
तेवढं मधलं काढा, 'लेकरं'च्या जागी 'मुलं' घाला,
पुण्यापर्यंत चालेल.
चन्नम्मानं विचारलं, पुण्यात लेकरं नसतात का?
तो हसला. ती हसली नव्हती.

गाणं फोनातून फोनात गेलं.
एका बारशाला दोनशे एक रुपये आणि टोपलंभर सीताफळं.
एका अंगणवाडीत नुसता चहा, तोही मुदस्सिरनं सांडला.
औरादहून एका बाईचा फोन रात्री साडेअकराला:
'दात यायलेत, रडून रडून निळं पडायलंय,
तुमची शेळी लावली की गप बसतंय.
जरा लांबवा की गाणं.'
आणि कमालनगरच्या एका मुलीनं
चन्नम्माला कन्नडमधून विचारलं,
सापडला का शेळीला डबा?

तेव्हा कळलं.
लेकरांना वाटतं, शेळीच विचारते.
डबा कसला, तिनं का आणला,
एसटीत विसरली की मोंढ्यात,
यावर बालवाडीत भांडणं होतात, एकदा चावे घेतले.
आम्ही काही सांगत नाही.
आम्हालाही माहीत नाही.

ज्याचा आवाज, तो भुरे पाटलांचा सोमलिंग.
डबा त्याच्या मागंच होता, कट्ट्यावर.
आता तो अकरावीला, ओठावर मिसरूड,
विचारलं की म्हणतो, मी नव्हतो तो.

यंदा हेरच्या शाळेत कार्यक्रम होता.
दोनशे लेकरं, त्यांच्या आया,
कोपऱ्यात ट्रॅक्टर बंद करून थांबलेले बाप.
सोमलिंग आमचा स्पीकर उचलायला आलेला,
मागं उभा, मोबाईलात बघत.
दुसरं कडवं संपलं. चन्नम्मानं श्वास घेतला,
नेहमीपेक्षा जरा जास्तच लांब.
मी कीबोर्डवरून बघितलं:
त्यानं मान वर केली, तोंड उघडलं,
आणि घशातून निघाली नुसती खरखर,
गिरणीचा दगड टाकी मागतो तशी.

त्याच्या शेजारी बसलेली एक पोरगी,
दोन दात पडलेली, तिनं वर बघितलं,
जरा थांबली त्याच्यासाठी,
मग स्वतःच म्हणाली.
त्याच्याच आवाजात.