तपासणीची तारीख

घोडबंदर रोडच्या एकतीस इमारतींच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत.
महिन्यातून एकदा प्रत्येक पेटीत उभा राहून
मी पिवळी घंटा दाबतो
आणि मोजतो, वॉचमन किती सेकंदांत उचलतो.
कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये कुणीच उचलत नाही.
घंटा वाजते, दिवा लागतो, स्टिकरही आहे :
घाबरू नका, मदत येत आहे.
मी वहीत लिहितो : मदत नाही. स्टिकर आहे.

दिवाळीपासून मीच अडकलोय,
ना चौथा, ना पाचवा.
दार फाकवलं तर समोर सिमेंट,
त्यावर कुण्या सेंट्रिंगवाल्याने खडूने काढलेला बाण, वर.
कामावर जातो. डबा परत आणतो.
हेमांगी विचारते, काय होतंय?
काही नाही, म्हणतो.
खोटंही नसतं ते.
पोरीला ब्याण्णव टक्के पडले तेव्हाही
काहीच झालं नव्हतं.

रात्री दोन वाजता मोरीच्या उंबऱ्यावर बसून
मोबाईलमध्ये लिहिलं : मन लागत नाही उपाय.
एकाने सांगितलं, दक्षिणेकडे डोकं करा.
एकाने, सात दिवसांत मुळापासून, अठराशे नव्व्याण्णव, घरपोच.
एक जण समुद्रावर पळता पळता म्हणाला, विचार बदला.
(फ्यूज असते तर बदलले असते,
बॅगेत चार पडलेत.)
एकीकडे दहा प्रश्न होते. खरी उत्तरं दिली.
निकालासाठी आधी नंबर द्या म्हणाले, दिला.
सकाळी मुरबाडचे प्लॉट विकणाऱ्यांचे तीन फोन.

उल्हासजवळ बोललो तर हसला :
ठाण्याला भरती करू का तुला?
साऱ्या महाराष्ट्राची ही जुनी थट्टा.
आम्ही राहतोच ठाण्यात.
त्या कुंपणाला लागून आमचं मैदान.
चेंडू आत गेला की खेळ संपायचा,
आणायला कुणी जायचं नाही.
एकदा आतून कुणीतरी परत फेकला होता.
अगदी सरळ, स्टंपांवर.
आम्ही पळालो.

मग एका रात्री वाटलं,
लिफ्टची पाटी वाचतो तसं हे वाचावं.
कोणी तपासलं? कधी? सही कुणाची?
सही नाही, बंद.
तारीख नाही, बंद.
शंभर टक्के लिहिलंय, बंद.
आमच्या पाटीवर शंभर टक्के नसतं,
आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो, एवढंच असतं.

पहाटे एक सापडलं. अगदी रुक्ष.
खाली डॉक्टरांची नावं, गेल्या महिन्याची तारीख.
लिहिलं होतं : दोन आठवड्यांच्या वर असं राहिलं
तर तो आजार असू शकतो.
उपचार आहेत. वेळ लागतो.
वेळ लागतो, हे वाचलं
आणि कितीतरी दिवसांनी कुणावर तरी विश्वास बसला.

शेवटी नंबर : चौदा, चार, सोळा.
दाबला. सवयीने मोजू लागलो.
एक बाई बोलल्या, नागपूरकडचा हेल.
मी म्हणालो, काही नाही, उचलता का ते बघत होतो.
उचलला ना जी, त्या म्हणाल्या. आता बोलता का?
मी बराच वेळ बोललो नाही.
त्यांनी ठेवला नाही.

मंगळवारी केसपेपर काढला,
त्याच कुंपणाच्या आत.
बाकावर माझ्यासारखीच माणसं,
कुणाच्या मांडीवर हेल्मेट, कुणाच्या भाजीची पिशवी.
गवतात नजर गेली. चेंडू कुठला आता.

गोळ्या सुरू आहेत. तोंड कोरडं पडतं.
अजून चौथा-पाचव्याच्या मधेच आहे.
बंद लिफ्ट हाताने आणतात तेव्हा
वर मशीनरूममध्ये दोन माणसं लागतात,
एक ब्रेक सैल करतो, दुसरा चाक धरतो,
बोटभर, बोटभर.
रविवारी हे हेमांगीला सांगितलं.
भांडी घासता घासता ती थांबली.
म्हणाली, चाक कुठंय ते दाखव.