कडू भोपळा

अणदूरच्या फाट्यावर माझं दुकान आहे.
दुकान म्हणजे पत्रा, रंधा, चुन्यात भिजलेलं कातडं
आणि खिळ्यांना टांगलेली सात-आठ चौंडकी.
त्यांचे मालक पैसे आणायला गेले
ते अजून यायलेतच.

घट बसायच्या चार दिवस आधी
तुळजापूरच्या गाडीतून एक पोरगी उतरली.
व्हिएतनामची, म्हणाली. संभाजीनगरात पाली शिकायलीय.
नाव थुई.
मराठी बोलताना एकेक शब्द
सुपात घेऊन पाखडायची, मग द्यायची.

काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी.
मला वाटलं, लेकरू असेल.

सोडलं तर लांबट लाकडी पेटी,
एका टोकाला वर वाकलेली वेळूची काठी,
काठीपासून पेटीपर्यंत एकच तार,
अन् तार जिथं काठीला बांधलेली तिथं
मुठीएवढा भोपळा. एसटीच्या टपावर फुटलेला.

दान बाऊ, ती म्हणाली.
बाऊ म्हणजे भोपळा.
आमच्यात लेकराला लागलं की म्हणतात बाऊ झाला.
तिला सांगितलं. ती चिरेवरून बोट फिरवत बसली.

तिकडं हे आंधळे वाजवायचे,
बाजारात, नावेच्या उतारावर, फाटकी चटई टाकून.
एकच तार का?
दुसरी शोधायला डोळे लागतात,
असं तिचा आजा म्हणायचा अन् हसायचा.
म्हातारी माणसं बजावायची,
पोरींनी ऐकू नये, मन वाहून जातं.

आमची आई भिवराबाईबी हेच सांगायची चौंडक्याचं,
अन् स्वतः पंधराव्या वर्षी परडी घेऊन निघालती.
काखेत चौंडकं, डाव्या मुठीत तातीची खुंटी.
देवीला हाक मारायची तर मूठ ताणायची,
बापाला शिवी द्यायची तर सैल सोडायची.
तिचा एक कडू भोपळा आढ्याला होता,
चौदा वर्षं, धुरानं काळा.
हलवला की आत खुळखुळायचा.
कशाला ठेवलाय, तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

करवत काढली.
बायको म्हणाली, आत्याबाईंचा हाय तो.
मी म्हणालो, हाय की.
गळ्याकडचा भाग तेवढा कापला.
बिया सांडल्या. एकशे बारा.
मोजल्या थुईनं, तिच्या भाषेत.

तार चढवली.
ती तारेवर तळहाताची कड नुसती टेकवायची,
छेडायची, लगेच उचलायची,
तापलेल्या तव्याला हात लावून बघावा तशी.
अन् त्या टेकण्यातून जे निघायचं
ते तारेचं नव्हतं, तारेच्या जवळपासचं होतं.

मग डाव्या हातानं काठी वाकवली.
स्वर उतरला, रेंगाळला, परत वर चढला.
माझी डावी मूठ आपोआप आवळली.
आई असंच करायची.
उदो म्हणून झालं तरी खुंटी सोडायची नाही,
शेवटचा ओ ओढत न्यायची पार वेशीपर्यंत,
तिथं कुत्री भुंकायला लागायची.

शेजारच्या पंक्चरवाल्या गफूरनं
हवेचं मशीन बंद केलं.
कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे किती?
मी म्हणालो, भोपळ्याचे का बियांचे?
तिला ते समजलं नाही.
मलाबी नीट समजलं नव्हतं.
निम्म्या बिया तिनं रुमालात बांधल्या.
तिच्या गावाला वर्षातून दोनदा पूर येतो म्हणे,
कुठं पेरल्या असतील कुणास ठाऊक.

माझ्या निम्म्यातली एकच उगवली.
तिसरं साल, वेल पत्र्यावर चढलाय,
भोपळे दोन, दोन्ही वाकडे.

रात्री गिऱ्हाईक नसलं की
आईचं चौंडकं काखेत घेतो,
ताण देतो,
तातीच्या मधोमध हाताची कड टेकवतो,
छेडतो, उचलतो.
टुंग.
परत.
टुंग.

पलीकडून गफूर, अंधारातच,
मालक, जरा खाली धरून बघा.