काटा

माझं काम काट्याचं.
सराफ्यात, गल्लीच्या तोंडाशी तिसरं दुकान,
काचेच्या पेटीतला, श्वासानंही हलणारा काटा.
एकतीस वर्षं लोकांचं सोनं मोजते आहे.
कुणाचं घर मोडतं, कुणाचं लग्न ठरतं,
मी फक्त आकडा मोठ्याने वाचते.

माझा आकडा डॉक्टर मेहेंदळ्यांनी वाचला,
मोठ्याने नाही.
तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक आठ.
वजन एक्याऐंशी.
मग चष्मा काढून म्हणाले,
"कुठे काम करता?"
"सराफ्यात."
"दिवसाच्या की रात्रीच्या?"

बाहेरगावच्यांना हे सांगावं लागतं:
आमची शटरं पडली की
त्याच ओट्यांवर कढया चढतात.
वीस वर्षं मी मधल्या अर्ध्या तासात निघत आले,
रिकाम्या तोंडाने कधी निघाले नाही.
थंडीत गराडू, वर मसाला, लिंबू.
भुट्ट्याचा कीस.
गेंदालालचा जलेबा तर
एकदा गमतीने काट्यावरच ठेवला होता,
तीनशे बारा ग्रॅम, पाक निथळून.
शेठ ओरडले. पण आकडा त्यांनाही आवडला.

आता डब्यात ज्वारीची भाकरी, एक.
दोडका, मुगाची उसळ, काकडी हवी तेवढी.
भात रविवारी, वाटीत,
तोही आधी कोशिंबीर संपवून.
आणि पोहे,
इंदुरात राहून पोहे सोडणं म्हणजे
माहेरच्या दारावरून तोंड फिरवून जाणं,
म्हणून मोडाच्या मटकीत मूठभर, शेव न घालता.
पहिल्या दिवशी तो बिनशेवेचा घास घेताना
मी खरोखर रडले. हसू नका.
बदाम मात्र दुकानातच मोजले:
सहा बदाम, सात ग्रॅम तीनशे चाळीस मिली.

रोज पहाटे बोटाला सुई.
एकशे अठ्ठ्याण्णव. एकशे सत्तर.
परत दोनशे दहा
(वन्संच्या नातवाचं बारसं, पेढा घेतला नसता
तर वर्षभर ऐकावं लागलं असतं).
एकशे बत्तीस.

सात महिन्यांत अकरा किलो गेले.
रामबागेत हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या,
"वाळलीस ग. घरी सगळं ठीक ना?"
एकीने वाण देता देता कानाशी विचारलं,
"गाठबीठ नाही ना कुठे?"
जाड होते तेव्हा
कुणी काही विचारलं नव्हतं.

मग एकदा हात धुताना
उजव्या हातातला बिलवर आपला आपण निघाला,
बेसिनमध्ये खणकन वाजला.
लग्नातला. गुडघ्याच्या एमआरआयच्या वेळी
नर्सने तेल चोळचोळून नाद सोडला होता त्याचा.
तपन कारागीर म्हणाला, "दीदी, तुकडा काढावा लागेल."
त्याने काढला. मी काट्यावर ठेवला.
एक ग्रॅम आठशे साठ.
शेठना म्हटलं, जमा करून घ्या.
मग म्हटलं, नको.
अकरा किलोंची एवढीच काय ती पावती.

त्या संध्याकाळी गेंदालालने हाक मारली,
"ताई, आमच्यावर नाराज?"
मी म्हटलं, साखर.
तो काही बोलला नाही. कढईमागून
स्टीलचा डबा काढला:
ज्वारीचीच रोटी, पालक, पातळ ताक.
"मला बारा वर्षं झाली," म्हणाला.
"पाकाची तार बोटानेच बघतो,
मग बोट फडक्याला पुसतो."
वडिलांचं पाऊल कापलं, ते त्याने
भट्टीकडे बघत सांगितलं.

माझ्या डब्यात दुपारची काकडी उरली होती.
दोघं ओट्यावर बसून जेवलो.
गर्दी जमत होती, कुणीतरी ओरडलं, "भैया, दो जलेबा!"
तो हात झटकून उठला
आणि मी चालत निघाले, कृष्णपुऱ्याच्या पुलावरून,
पदराच्या गाठीत तो तुकडा,
आणि खोटं कशाला बोलू,
घरापर्यंत नाकात
तापलेलं साजूक तूप.